सालामांकात वर्षभर: स्पेनला शिकायला निघालेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

स्पॅनिश शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना स्पेन म्हटलं की माद्रिद नाहीतर बार्सिलोना आठवतं. मी गेले सालामांकाला. पदवीचं दुसरं वर्ष संपवून, सप्टेंबर ते जून असे दहा महिने. घर सांगलीचं, स्पॅनिश पुण्यात शिकलेलं, बी-१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत. परत आल्यापासून दर उन्हाळ्यात पुढच्या तुकडीतले विद्यार्थी तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवते आहे. क्रम महत्त्वाचा, कारण तिथं एक कागद नसला की पुढचा मिळत नाही.

सालामांका विद्यापीठ १२१८ सालचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या ७२ वर्षं आधीचं. आजही चालू असलेल्या स्पॅनिश विद्यापीठांत ते सर्वांत जुनं. शहर लहान, दीड लाखाच्या आतबाहेर वस्तीचं. जुनं गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी अर्ध्या तासात होतं. इमारती बियामायोर नावाच्या गावाजवळच्या पिवळसर दगडाच्या, संध्याकाळी उन्हात पिकलेल्या हापूससारख्या दिसतात. इथली बोली कास्तियाची, स्पष्ट आणि नवख्याच्या कानाला सोपी. खर्च माद्रिदपेक्षा कमी.

एक धोका मात्र आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. स्पॅनिश शिकायला इथं जगभरातून इतके विद्यार्थी येतात की इंग्रजीवर अख्खं वर्ष निघू शकतं. माझे पहिले पाच आठवडे तसेच गेले. वर्ष कसं जाणार हे वर्गात ठरत नाही, तुम्ही कुणाबरोबर राहता यावर ठरतं. पण आधी कागद.

पायरी १: फेब्रुवारी ते जुलै, भारतातले कागद

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचं काम स्पेनच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे आहे, अर्ज बीएलएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा. मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त असेल तर दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा, म्हणजे 'डी' व्हिसा लागतो. १८० दिवसांच्या वर जाणार असाल तर आणखी दोन गोष्टी: पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र. म्हणजे एका सत्रासाठी जाणाऱ्यांची यादी वर्षभर जाणाऱ्यांपेक्षा छोटी असते. मैत्रिणीची यादी डोळे झाकून उतरवून घेऊ नका.

चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतो. त्याच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, घ्यायचा आणि मग त्याचं स्पॅनिश भाषांतर करायचं. याच क्रमानं. मी घाईघाईत आधी भाषांतर करून घेतलं आणि अपॉस्टिल नंतर. अपॉस्टिलच्या पानाचंही भाषांतर लागतं हे खिडकीपाशी कळलं आणि भाषांतराचे पैसे दोनदा भरले. गुणपत्रिका किंवा पदवी मागितली असेल तर तिला आधी राज्य सरकारच्या पातळीवरचं साक्षांकन लागतं, त्यानंतर अपॉस्टिल. या साखळीला किती दिवस लागतील ते कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. मार्चमध्येच सुरुवात करा. चारित्र्य दाखला तेवढा फार आधी काढू नका, तो जुना झाला तर चालत नाही.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात २००५च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचा उल्लेख असावा लागतो. आपल्या फॅमिली डॉक्टरांना हे माहीत असण्याचं कारण नाही, तेव्हा मजकूर टाइप करून न्या आणि त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्का घ्या.

आर्थिक पुराव्यासाठी स्पेन सरकार 'इप्रेम' नावाचा आकडा धरतं. २०२३पासून तो महिन्याला ६०० युरो आहे. दहा महिन्यांचे ६,००० युरो तुमच्या किंवा पालकांच्या खात्यात दिसले पाहिजेत. पालकांच्या खात्यावर दाखवणार असाल तर ते खर्च उचलणार असल्याचं नोटरीकडचं पत्र जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसू नये, निदान तीन-चार महिने आधीपासून पैसे तिथं असू द्या. ६०० हा व्हिसापुरता आकडा आहे. त्यात राहता येतं, पण हात आखडून.

आरोग्य विम्याच्या बाबतीत प्रवास विमा चालेल असं गृहीत धरू नका. स्पेनमध्ये काम करायची परवानगी असलेल्या कंपनीचा, पूर्ण संरक्षण देणारा आणि दर भेटीला आपल्या खिशातून वाटा न मागणारा विमा हवा. स्पॅनिशमध्ये याला 'सिन कोपागो' म्हणतात. पॉलिसीवर हे दोन शब्द छापलेले आहेत ना, ते बघूनच पैसे भरा.

पायरी २: आपलं नाव

यावर कुणी बोलत नाही, म्हणून वेगळी पायरी केली आहे. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, साधारणपणे पहिलं वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं. आपलं असतं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. स्पॅनिश कारकून हे तीन शब्द बघतो आणि मधला शब्द पहिलं आडनाव समजतो. मला बँकेत, दवाखान्यात, विद्यापीठाच्या यादीत सगळीकडे बाबांच्या नावानं हाक मारत. ऐकायला गोड वाटतं. पण एका कागदावर बाबांचं नाव आडनावाच्या रकान्यात आणि दुसऱ्यावर नाही असं झालं की संगणकात तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती होता.

उपाय साधा आहे. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' जसं छापलंय, तसंच प्रत्येक फॉर्मवर लिहा. 'प्रिमेर आपेयिदो' म्हणजे पहिलं आडनाव, तिथं पासपोर्टवरचं आडनाव. 'सेगुंदो आपेयिदो' हा रकाना मोकळा. समोरचा म्हणाला की दुसरं आडनाव हवंच, तर शांतपणे सांगा: 'एन ला इंदिया सोलो तेनेमोस उनो.' भारतात आम्हाला एकच असतं.

पायरी ३: बॅग

थोडक्यात. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच ठेवायचा. आईला हे तिकीट काढतानाच सांगा, नाहीतर विमानतळावर जाताना डबा हातात येतो. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, हिंग, कोकम घ्या. हळद, जिरे, धने, काबुली चणे तिथं कोणत्याही सुपरमार्केटात मिळतात. तीन लिटरचा कुकर घ्या. नेहमीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

आणि भारतीय सिमकार्ड चालू राहील अशी व्यवस्था निघण्यापूर्वी करा. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. तिथं पोचल्यावर रोमिंग सुरू करायलाही ओटीपी लागतो आणि तो येत नाही.

पायरी ४: पोचण्याचा दिवस

माद्रिदच्या बाराखास विमानतळावर उतरलात की पुढं सालामांका साधारण २१० किलोमीटर. रेल्वे चामार्तीन स्टेशनवरून सुटते आणि विमानतळाच्या टर्मिनल ४ वरून तिथं लोकल जाते. बस दक्षिणेकडच्या मेंदेस आल्वारोच्या स्थानकावरून मिळते, अडीच-तीन तास लागतात. जड सामान असेल तर बस बरी, बॅग एकदा पोटात टाकली की सुटलो.

विमान शेंगेन क्षेत्रातल्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांतल्या, दुसऱ्या शहरात बदलणार असाल तर प्रवेशाची तपासणी त्या शहरात होते, माद्रिदमध्ये नाही. स्पेनमध्ये नेमके कधी शिरलात याचा पुरावा म्हणून बोर्डिंग पासचे तुकडे जपून ठेवा. पुढं लागतात.

पायरी ५: घर

आता मुख्य मुद्दा. ही पायरी नीट वाचा.

पर्याय तीन. 'रेसिदेन्थिया' म्हणजे हॉस्टेल. 'कोलेखियो मायोर' हेही वसतिगृहच, पण विद्यापीठाशी जोडलेलं, जेवणासकट आणि आपापल्या परंपरा असलेलं. तिसरा 'पिसो कोंपार्तिदो', म्हणजे तीन-चार जणांनी वाटून घेतलेला फ्लॅट. बहुतेक विद्यार्थी पिसोमध्ये राहतात आणि तुम्हीही तिथंच राहावं असं माझं मत आहे.

मी सांगलीत बसून, फोटो बघून खोली ठरवली. घर चांगलं होतं. सोबत एक डच मुलगी, एक अमेरिकन आणि दिल्लीची एक. चौघी छान होतो आणि चौघी इंग्रजी बोलत होतो. सकाळी वर्गात स्पॅनिश ऐकायचं, दुपारी घरी येऊन त्याच्याबद्दल इंग्रजीत बोलायचं. पाचव्या आठवड्यात नळ गळायला लागला, तेव्हा प्लंबरला फोन करायची वेळ आली आणि 'नळ गळतोय' हे मला सांगता येईना. बी-१चं प्रमाणपत्र भिंतीवर आणि मी मुक्यासारखी. त्या रात्री ठरवलं, घर बदलायचं. करार मोडल्यामुळं अनामत रकमेतला अर्धा भाग सोडावा लागला. वर्षभरात मी केलेला सर्वांत योग्य खर्च तो.

दुसऱ्या घरात दोन स्पॅनिश मुली होत्या, एक सामोराची, एक कासेरेसची. पहिला आठवडा मी जेवणाच्या टेबलावर फक्त हसत होते. त्या एकमेकींशी बोलायच्या त्यातला तिसरा हिस्साही कळायचा नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यात एक विनोद कळला आणि त्या हसायच्या आत मी हसले. तिथून पुढं भाषा आपोआप येऊ लागली असं नाही, पण भीती गेली.

तर घर असं शोधा. भारतातून वर्षाचा करार करू नका. पहिल्या आठवड्यासाठी साधं हॉस्टेल घ्या, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला पोचा आणि स्वतः फिरून खोल्या बघा. इदेआलिस्ता या संकेतस्थळावर जाहिराती असतात, विद्याशाखांच्या फलकांवर चिठ्ठ्याही असतात. न बघता कुणालाही पैसे पाठवू नका, घरमालक परदेशात आहे आणि किल्ली कुरिअरनं येईल असं सांगत असेल तर मुळीच नाही. बघायला गेलात की हे विचारा:

आधी, बरोबर कोण राहतं आणि घरात आपसात कोणती भाषा बोलतात.

हीटर कोणता. 'सेंत्राल' असेल तर ठरलेल्या वेळी अख्ख्या इमारतीला ऊब मिळते. 'इंदिविदुआल' असेल तर बिल तुमचं. सालामांका जवळपास ८०० मीटर उंचीवरच्या पठारावर आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा रात्री शून्याखाली जातो. सप्टेंबरच्या उन्हात हा प्रश्न सुचत नाही, म्हणून लिहून न्या.

'गास्तोस' म्हणजे वीज, पाणी, गॅस, इंटरनेट भाड्यात धरलंय का. काही जुन्या घरांत पाणी तापवायला केशरी रंगाचं ब्युटेनचं सिलिंडर असतं. आपल्याला ते नवीन नाही, डच मुलीला होतं.

'फियान्था' म्हणजे अनामत, कायद्यानं एक महिन्याचं भाडं. पावती घ्या आणि पहिल्याच दिवशी खोलीतला प्रत्येक ओरखडा मोबाइलवर टिपून घरमालकाला पाठवा.

शेवटचा प्रश्न, 'मे पुएदो एंपाद्रोनार आकी?' या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर ते घर घेऊ नका. का, ते पुढच्या पायरीत.

पायरी ६: पहिल्या महिन्यातले तीन कागद

पहिला 'पाद्रोन'. नगरपालिकेत, म्हणजे 'आयुंतामिएंतो'त जाऊन आपण या पत्त्यावर राहतो अशी नोंद करायची. पासपोर्ट आणि भाडेकरार लागतो. आपल्याकडच्या रहिवासी दाखल्यासारखं समजा.

दुसरा 'तिए', परदेशी विद्यार्थ्याचं ओळखपत्र. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांनी देशात आल्यापासून एका महिन्याच्या आत त्यासाठी अर्ज करायचा. ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, तिला 'थिता प्रेविया' म्हणतात. हे दोन शब्द वर्षभर कानावर पडतील. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळेच वेळ मागत असतात. घराची किल्ली मिळाली त्याच दिवशी संगणकासमोर बसा आणि नाहीच मिळाली तर सकाळी लवकर पुन्हा बघा. सोबत १७ क्रमांकाचा फॉर्म, ७९०-०१२ या नमुन्याचं शुल्क बँकेत भरल्याची पावती, फोटो, पासपोर्ट, पाद्रोनचा दाखला आणि विद्यापीठाचं प्रवेशपत्र न्यायचं. प्रत्येकाची झेरॉक्स. पोलीस ठाण्यात बोटांचे ठसे घेतात आणि काही आठवड्यांनी कार्ड मिळतं. ते आणायला पुन्हा जावं लागतं.

या कार्डावर तुमचा 'निए' असतो, एक अक्षर, सात आकडे, शेवटी पुन्हा अक्षर. तो पाठ करा. तिसरं काम बँक खातं, आणि हा क्रमांक आला की ते सोपं होतं. खातं उघडल्यावर 'बिथुम' सुरू करून घ्या. मोबाइल नंबरवर लगेच पैसे पाठवायची ती सोय, आपल्या यूपीआयची चुलत बहीण. घरातला किराणा वाटून घ्यायचा तर तिच्याशिवाय चालत नाही.

पत्त्याबद्दल एक. '३º बी' म्हणजे तिसरा मजला, ब दार. मजले 'बाखो'पासून मोजतात, म्हणजे आपल्या तळमजल्यासारखंच. खालच्या टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचं कार्ड टपालानंच येतं.

पायरी ७: बोलणं

इथं मराठी माणसाची बाजू वरचढ आहे आणि वर्गात हे कुणी सांगत नाही, कारण आपण स्पॅनिश बहुतेक वेळा इंग्रजीतून शिकतो.

'मे गुस्ता एल काफे.' इंग्रजीतून शिकणारा गोंधळतो, कॉफी मला आवडवते म्हणजे काय? मराठीत थेट उत्तर आहे: मला कॉफी आवडते. 'मे' म्हणजे 'मला', आणि क्रियापद कॉफीप्रमाणे चालतं. कॉफीऐवजी आंबे आले की आपण 'आवडतात' म्हणतो, स्पॅनिशमध्ये 'गुस्तान'. 'मे दुएले ला काबेथा', माझं डोकं दुखतं. 'मे पारेथे', मला वाटतं. 'मे फाल्तान दोस एउरोस', मला दोन युरो कमी पडतायत. हे सगळं आपल्याला जन्मापासून येतं. इंग्रजी मध्ये आणलीत तर हातचं जातं.

बारमध्ये कॉफी मागताना मी इंग्रजीच्या सवयीनं 'मला एक कॉफी मिळू शकेल का' असं लांबलचक वाक्य जुळवायची. तिथं लोक म्हणतात 'मे पोनेस उन काफे?' म्हणजे 'मला एक कॉफी देता का?' सांगलीत टपरीवर जे म्हणतो तेच.

उच्चारांतही तसंच. स्पॅनिश 'त' आणि 'द' आपल्या त-द सारखे दंत्य आहेत, प-क हवेचा झोत न सोडता म्हणायचे, आपल्यासारखेच. आपण इंग्रजी शब्द बोलताना ट-ड वापरतो, ते स्पॅनिशमध्ये आणू नका. मेहनत लागते ती दोन ठिकाणी. 'ग्राथियास'मधला तो आवाज मराठी 'थ' नाही. जीभ दातांमध्ये धरून हवा सोडायची, फुंकर घातल्यासारखी. लिहिताना मी सोयीसाठी थ लिहिते आहे. दुसरा, 'पेरो' आणि 'पेर्रो'. पहिलं 'पण', दुसरं 'कुत्रा'. दुसऱ्यातला र आपल्या 'गुर्रर्र'सारखा घुमवायचा.

शब्दही ओळखीचे भेटतात. मराठीत पोर्तुगीजांकडून आलेले बटाटा, साबण, पाव, पगार हे शब्द स्पॅनिशमधल्या पाताता, खाबोन, पान, पागार यांचे सख्खे नातेवाईक आहेत. 'पागार' म्हणजे पैसे देणं. माझ्या सामोराच्या मैत्रिणीला पगार या शब्दाचं फार कौतुक वाटलं.

फसवणारा शब्द एकच सांगते, कारण तो औषधाच्या दुकानात लागतो. 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला. पोटाची तक्रार असेल तर 'एस्त्रेन्यिमिएंतो' म्हणा.

दर आठवड्याला दोन तास 'इंतेरकांबियो' करा. एक तास तुम्ही स्पॅनिश बोलायचं, एक तास समोरच्याला इंग्रजी शिकवायचं. भेटायची जागा ठरलेली असते, प्लाझा मायोरमधल्या घड्याळाखाली. सालामांकात 'घड्याळाखाली भेटू' एवढंच म्हणतात. १७५५मध्ये पूर्ण झालेला तो चौक इतका सुंदर आहे की समोरच्याला उशीर झाला तरी राग येत नाही.

पायरी ८: वर्ग आणि परीक्षा

गुण ० ते १० मध्ये. ५ला पास, ७ला 'नोताब्ले', ९ला 'सोब्रेसालिएंते'. आपल्या टक्केवारीच्या सवयीनं ७ बघून मन खट्टू होतं. तिथं ७ चांगले असतात.

प्रत्येक विषयाची 'गिया दोसेंते' असते, म्हणजे अभ्यासक्रम, पुस्तकं आणि गुणांची विभागणी. ती पहिल्या दिवशी वाचा. उपस्थितीला, सादरीकरणाला आणि परीक्षेला किती गुण आहेत ते त्यात असतं. मी एका विषयात लेखी परीक्षेवर भर दिला आणि ४० टक्के वर्गातल्या कामाला होते हे नोव्हेंबरमध्ये वाचलं. एका सत्रात पूर्ण भार ३० क्रेडिटचा असतो. पाहुण्या विद्यार्थ्यानं पहिल्या सत्रात थोडा कमी घ्यावा. पहिल्या सत्राची परीक्षा जानेवारीत, ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे नाताळच्या सुट्टीत सगळे अभ्यास करत असतात. सुट्टीत प्रवास करायचा तर डिसेंबरच्या सुरुवातीला ६ आणि ८ या दोन सुट्ट्यांना जोडून करा.

प्राध्यापकांना 'तू' म्हणायचं. मला हे जमायला महिना लागला. आपल्याकडे सरांना अरे-तुरे करायची कल्पनाही करवत नाही. मी 'उस्तेद' म्हणजे 'आपण' म्हणत राहिले, तेव्हा एका बाईंनी हसून सांगितलं की तू मला म्हातारी करतेस. 'तुतोरिया' म्हणजे प्राध्यापकांची भेटीची ठरलेली वेळ, ती नुसती कागदावर नसते, खरंच जा. पहिल्याच आठवड्यात जाऊन मी परदेशी आहे, वेग पकडायला वेळ लागेल असं सांगितलं तर पुढचं वर्ष सोपं जातं.

अभ्यासाला 'कासा दे लास कोंचास' बघा. भिंतीवर दगडाचे तीनशेहून जास्त शिंपले कोरलेला जुना वाडा, आत सार्वजनिक वाचनालय. विद्यापीठाच्या जुन्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक सगळे नवे विद्यार्थी शोधतात, तो सापडला तर पास होतो अशी समजूत आहे. कुठं आहे ते मी सांगणार नाही.

पायरी ९: जेवण

दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. दुपारी दोन ते पाच छोटी दुकानं बंद, रविवारी जवळपास सगळंच बंद. शनिवारी किराणा भरा.

शाकाहारी असाल तर नुसतं 'सोय वेहेतारियाना' पुरत नाही. मुलगा असेल तर 'वेहेतारियानो' म्हणेल. पुढं जोडा: 'नी खामोन, नी आतून, नी काल्दो दे कार्ने.' म्हणजे हॅम नको, टूना मासा नको, मांसाचं पाणी नको. मिक्स सॅलडवर बहुतेक वेळा टूना असतो, मसूराच्या रश्श्यात चोरिथो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, आणि हॅमला बरेच जण मांसात धरतच नाहीत. अंडं चालत असेल तर 'तोर्तिया दे पातातास' तुमचा आधार आहे, बटाट्याचं जाड ऑम्लेट. तेही नसेल तर पाव-टोमॅटो, तळलेल्या हिरव्या 'पिमिएंतोस दे पाद्रोन' मिरच्या, पातातास ब्रावास म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे.

पण रोजचं जेवण घरीच करा. शहराच्या उत्तरेला लागूनच ला आर्मुन्या नावाचा भाग आहे, तिथले मसूर स्पेनभर नावाजलेले आहेत. पाकिटावर नाव बघून घ्या. साल न काढलेले, पण नरम शिजतात. त्यांची आमटी गोडा मसाला आणि दोन कोकमं घालून केली तर डोळे मिटून खाता येते. फोडणीला सूर्यफुलाचं तेल वापरा, 'हिरासोल'. लाल तिखट संपलं की 'पिमेंतोन दे ला वेरा, पिकांते' घ्या, धुरावर वाळवलेल्या मिरचीचं, तिखट कमी पण वास अप्रतिम. कोथिंबीर 'थिलांत्रो', ती मोठ्या दुकानात किंवा आशियाई दुकानात मिळते. फोडणीच्या धुराबद्दल घरातल्यांना आधीच सांगा आणि खिडकी उघडा. आणि कुकरची शिट्टी. माझ्या पहिल्या शिट्टीला कासेरेसची मैत्रीण खोलीतून पळत बाहेर आली होती.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी 'लुनेस दे आग्वास' असतो. अख्खं गाव तोर्मेस नदीकाठी जाऊन 'ओर्नाथो' नावाचा भरलेला पाव खातं. आत डुकराचं मांस असतं, त्यामुळं शाकाहारी मंडळींनी आपला डबा न्यायचा. पण जायचंच. घरी बसायचा तो दिवस नव्हे.

पायरी १०: मन आणि तब्येत

आपत्कालीन क्रमांक ११२. हिरव्या क्रॉसचं दुकान म्हणजे औषधांचं, रात्री कुठलं उघडं आहे ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं.

नोव्हेंबर जड जातो. दिवाळी येते, थंडी सुरू होते, अंधार लवकर पडतो आणि घड्याळ मागं जातं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत साडेतीन तास पुढं असतो, नंतर साडेचार. हे घरी सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही आठला फोन करता आणि तिथं साडेबारा वाजलेले असतात. मी दुपारच्या जेवणानंतर, आईच्या संध्याकाळी, फोन करायची वेळ ठरवली आणि आठवड्यातून तीनदाच. रोज तासभर घरी बोलत होते तोवर सालामांकात मी फक्त झोपायला असायचे. दिवाळीत घरातल्या दोघींना बोलावून शिरा केला, स्पॅनिश लोण्याचं तूप कढवून. भारतीय कार्यक्रमांची ओढ लागली तर वायादोलिदला 'कासा दे ला इंदिया' ही संस्था आहे, बसनं जाऊन दिवसात परत येता येतं.

पायरी ११: निघण्याआधी

परीक्षा संपल्या की सगळे प्रवासाला पळतात. त्याआधी विद्याशाखेच्या कार्यालयातून 'सेर्तिफिकादो आकादेमिको' म्हणजे अधिकृत गुणपत्रक मागा. शुल्क असतं आणि वेळ लागतो. भारतातल्या आपल्या विद्यापीठाला क्रेडिट धरायला तेच लागतं, आणि त्यावर स्पेनमधलाच अपॉस्टिल लागेल का हे तिथल्या परीक्षा विभागाला मे महिन्यातच मेल करून विचारा. भारतात परतल्यावर तो मिळवणं फार अवघड जातं. घरमालकाला करारात लिहिली असेल तितकी आगाऊ सूचना द्या, सप्टेंबरमधले फोटो हाताशी ठेवा आणि किल्ली देताना खोली दोघांनी मिळून बघा. फियान्था खात्यात जमा झाल्याशिवाय बँकेचं खातं बंद करू नका.